ओल्या हिवाळ्यातील पक्षिनिरीक्षण आणि छायाचित्रण : कोल्हापूर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळा किंवा कळंबा तलावावर गळ्यात दुर्बीण घालून उभे राहिले की येणारे-जाणारे प्रश्न विचारतात, आणि पावसाळी हवेत उभे राहिले तर जरा जास्तच विचारतात. गेल्या काही हिवाळ्यांत नवख्या पक्षिनिरीक्षकांकडून पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे अनुभवावर आधारलेली असल्यामुळे त्यांत लिहिणाऱ्याची आवडनिवड डोकावते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

कोल्हापूरचा हिवाळा कोरडा असतो. मग "ओला हिवाळा" म्हणजे नेमके काय?

आपल्याकडील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाने त्याचा निरोप होतो, हे खरे आहे. परंतु त्यानंतरही बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा तमिळनाडूत पडणारा पाऊस कधी दक्षिण महाराष्ट्राच्या कडेला स्पर्श करून जातो, आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरात दोन-तीन दिवस मळभ, रिपरिप आणि बोचरा वारा अशी हवा पडते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकले, तेव्हा महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर भर हिवाळ्यात पाऊस झाला, तो याच प्रकारचा. यात पंचगंगेच्या काठावरचे सकाळचे धुके आणि गवतावरचे दाट दव यांचीही भर घालावी लागते, कारण पाऊस न पडताही बूट, पँट आणि भिंगे ओली करण्याचे काम ही दोन्ही चोख बजावतात. पुढील उत्तरांत "ओली हवा" या शब्दांत अवकाळी पाऊस, धुके आणि दव हे तिन्ही धरले आहेत.

पाऊस चालू असताना पक्षी दिसतात का, की घरीच बसावे?

मुसळधार पाऊस असेल तर घरीच बसावे, कारण पक्षीही तेच करीत असतात. भुरभुर असेल तर मात्र बाहेर पडण्यास हरकत नाही.

पाणपक्ष्यांना हलक्या पावसाचे फारसे सोयरसुतक नसते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतील तेल ते चोचीने पिसांना चोपडतात. त्या तेलाने पिसे लवचीक राहतात आणि त्यांच्या घट्ट विणीवरून पाणी ओघळून जाते. हळदी-कुंकू बदके, वारकरी आणि टिबुकल्या पावसातही नेहमीसारख्या पोहत असतात. पाणकावळा आणि तिरंदाज यांची पिसे मात्र पाण्याने भिजतात. त्यामुळे त्यांना पाण्याखाली बुडणे सोपे जाते, पण वर आल्यावर पंख पसरून वाळवत बसावे लागते, आणि ऊन नसलेल्या दिवशी हा कार्यक्रम बराच लांबतो. छायाचित्रकाराला यापेक्षा सोयीचा विषय मिळणे कठीण आहे.

लहान पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. हवेत उडणारे कीटक पावसात खाली बसतात, म्हणून त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते. माळभिंगऱ्या अशा वेळी पाण्याच्या अगदी जवळून उडतात, कारण जे थोडे कीटक हवेत असतात ते तेथेच असतात. वेडे राघू तारेवर एकमेकांना खेटून, पिसे फुलवून ओळीने बसतात. घारींना वर चढण्यासाठी लागणारे उष्ण हवेचे प्रवाह मळभात तयार होत नाहीत, त्यामुळे एरवी आकाशात घिरट्या घालणारी घार विजेच्या खांबावर भिजलेल्या घोंगड्यासारखी बसलेली आढळते. जोराच्या पावसात अनेक पक्षी पिसे अंगाशी चापून, चोच किंचित वर करून सरळ उभे राहतात, म्हणजे पाणी पाठीवरून निथळून जाते. पक्षी "काहीच करीत नाहीत" असे वाटणाऱ्या अशा वेळी त्यांच्याकडे नीट पाहिल्यास बरेच काही कळते.

मग बाहेर पडण्याची सर्वांत चांगली वेळ कोणती?

पाऊस थांबल्यानंतरचा पहिला एक ते दीड तास. या पानावरील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

हिवाळ्याची रात्र लांब असते. लहान पक्षी दिवसा साठवलेल्या चरबीवर ती रात्र काढतो आणि पहाटे रिकाम्या पोटी उठतो. त्याच सकाळी पाऊस लागला तर न्याहारीची वेळ हुकते, आणि पाऊस उघडताच मिळेल ते टिपण्याची त्याला घाई होते. ओल्या जमिनीतून गांडुळे वर आलेली असतात, कीटक पुन्हा उडू लागतात, आणि झाडीत दडून बसलेले दयाळ, बुलबुल, थिरथिरे, धोबी, गप्पीदास हे सगळे एकदम उघड्यावर येतात. नेहमी दाट लव्हाळ्यात लपणारा शंकर पक्षी एकदा पाऊस उघडल्यावर भर पाणंदीत, चिखलाच्या कडेने उड्या मारीत असलेला मी पाहिला आहे. कोरड्या दिवशी त्याच पाणंदीत दोन तास बसूनही तो दिसला नव्हता.

याचाच अर्थ असा की पाऊस पडत असतानाच त्या जागी पोहोचून आडोशाला उभे राहावे. पाऊस थांबल्यावर घरातून निघणारा माणूस पोहोचेपर्यंत निम्मा खेळ संपलेला असतो. एखादे शेतातले खोपटे, गुऱ्हाळाचे छप्पर किंवा मालकाला विचारून गोठ्याची ओसरी मिळाली तर उत्तम. झाडाखाली उभे राहणे तितकेसे सोयीचे नाही, कारण पाऊस थांबल्यावरही झाड बराच वेळ गळत राहते. विजा चमकत असतील तर झाडाखाली मुळीच थांबू नये.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि ढगाळ दिवशी कामापुरता उजेड यायला त्याहूनही उशीर होतो. पहाटे पाचला उठून अंधारात कुडकुडण्याचा पराक्रम या दिवसांत करण्याची गरज नाही.

शहरात आणि शहराजवळ कोठे जावे?

रंकाळा हा नवख्यांसाठी सर्वांत सोपा. काठाने पक्का रस्ता असल्यामुळे चिखलात उतरावे लागत नाही. पाऊस आला की चहाच्या टपरीचा आसरा असतो, आणि वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, पाणकावळे, बगळे, खंड्या यांच्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. काळ्याभोर अंगावर कपाळी पांढरा टिळा असलेला वारकरी पाण्यावर दिंडीसारखा थव्याने चालतो. हे नाव ज्याने कोणी ठेवले त्याला सलाम करावासा वाटतो. तलावाची दुसरी बाजूही सांगायला हवी : काठावर फिरणाऱ्यांची वर्दळ मोठी असते आणि पक्षी माणसांना सरावलेले असतात, त्यामुळे छायाचित्रे जवळून मिळतात, पण वैविध्य मर्यादित राहते. पावसाच्या दिवशी वर्दळ आपोआप कमी होते, हा रंकाळ्याचा खरा फायदा आहे.

कळंबा तलाव अधिक मोकळा आहे. पाणी ओसरून कडेची ओलसर जमीन उघडी पडली असेल तेव्हा तुतवार, शेकाटे, टिटव्या आणि धोबी यांच्यासाठी तेथे जावे. स्थलांतरित बदकांपैकी थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांची वाट पाहायची ती अशाच मोकळ्या पाण्यांवर, मात्र दुर्बिणीला मर्यादा पडते आणि स्पॉटिंग स्कोप (स्टँडवर लावायची एकनळी दुर्बीण) असल्यास बरे वाटते.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर गवत, झाडी आणि तळी यांचे मिश्रण असल्यामुळे एका फेरीत सर्वाधिक जाती तेथे दिसतात, आणि पावसानंतर पिसे झटकणारा मोर पाहायचा असेल तर दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. पंचगंगा घाटावर धीवर (छोटा खंड्या), भिंगऱ्या आणि करडा धोबी यांच्यासाठी जावे. नदीवर धुके असेल तर घाटाच्या दीपमाळा आणि त्यांच्यामागून उडणारा बगळा असे चित्र मिळू शकते. माझ्या मते ते पिसन्‌पिस दिसणाऱ्या डझनभर चित्रांपेक्षा मोलाचे आहे.

मसाई पठारावर तिरचिमण्या, चंडोल आणि एखादी खरुची दिसते. जांभ्या दगडावर ओल आली की पाय सटकतो आणि धुक्यात कडा केव्हा आला ते कळत नाही. म्हणून तेथे एकट्याने जाऊ नये.

उसाच्या शेतात पक्षी दिसतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि कोल्हापूरकरांना घराशेजारी मिळणारी ही संधी पुष्कळदा दुर्लक्षित राहते. गळीत हंगाम आणि स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम एकाच वेळी येतो. उसाचा फड तुटला की त्यात दडलेले उंदीर, बेडूक आणि कीटक उघडे पडतात आणि गायबगळे, काळे शराटी, साळुंक्या, घारी, कोतवाल यांची गर्दी होते. गवताळ माळांवरून आणि पाणथळींवरून तरंगत जाणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षीही अशा मोकळ्या झालेल्या शेतांवरून फिरताना दिसतात.

अवकाळी पाऊस झाला की तोड थांबते, कारण ट्रॅक्टर-ट्रॉली फडातून बाहेर निघत नाही. वाफसा येईपर्यंतचे हे दोन-तीन दिवस शेते शांत असतात. साचलेल्या पाण्याच्या कडेला पाणलाव्यासारखा लाजाळू पक्षी उतरतो. त्याच्या पाठीवरचे पट्टे चिखल आणि पाचटाच्या रंगात असे मिसळतात की तो पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही. नांगरट पुन्हा सुरू झाली की गायबगळे आणि धोबी ट्रॅक्टरच्या मागोमाग चालतात. शाळू कणसात आला असेल तर मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे त्यावर उतरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती काही आनंदाची गोष्ट नसते, याचे भान ठेवून बोलावे.

शेत कोणाचे तरी असते. बांधावरून चालावे, मालक भेटल्यास "काका, जरा पाखरे बघायची होती" एवढे विचारून घ्यावे. आजवर नकार मला एकदाच मिळाला आहे, आणि तोही त्यांनी नुकतीच औषध फवारणी केली होती म्हणून, म्हणजे माझ्याच भल्यासाठी.

धुक्यात छायाचित्रे काढता येतात का? ऑटोफोकस पक्षी सोडून भलतीकडे जातो.

ऑटोफोकसला गडद-उजळ यांतला फरक लागतो, आणि धुके नेमका तोच पुसून टाकते. फोकसचे सर्व बिंदू चालू न ठेवता मधला एकच बिंदू निवडावा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर किंवा चोच-आकाश या सीमारेषेवर धरावा. लेन्सवर अंतर मर्यादित करणारे बटण असेल तर ते वापरावे, म्हणजे लेन्स अकारण पुढे-मागे धावत नाही. दूरचा पक्षी धुक्यातून स्पष्ट येणार नाही. कितीही महागडी लेन्स असली तरी मधली हवा तीच असते. म्हणून धुक्यात पक्षी जवळचा किंवा आकार ठसठशीत असलेला निवडावा : राखी बगळा, वाळलेल्या फांदीवरचा खंड्या, तारेवरचा कोतवाल.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक धुक्याचा पांढरा रंग करडा करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) साधारण ०.७ ते १ ने वाढवले की धुके धुक्यासारखे दिसते.

मळभ असताना कॅमेऱ्याची कोणती मांडणी ठेवावी?

नेमके आकडे सांगणे धोक्याचे असते, तरी सुरुवातीसाठी पुढील अंदाज उपयोगी पडतो. उघड्या तलावावर, ढगाळ सकाळी, एफ/६.३ छिद्र असणाऱ्या लांब पल्ल्याच्या लेन्सने आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ठेवून १/८०० सेकंदाच्या आसपास वेग मिळतो. बसलेल्या पक्ष्यासाठी तो पुरेसा असतो आणि संथ उडणाऱ्या बगळ्यासाठीही चालतो. भिंगरीसाठी तो अपुरा पडतो, पण भिंगरीसाठी भर उन्हातही बहुतेक गोष्टी अपुऱ्याच पडतात. राधानगरीच्या दाट जंगलात तीच लेन्स आयएसओ ३२०० वर १/१५० सेकंदाच्या आसपास अडखळते. तेथे आयएसओ ६४०० पर्यंत जाण्यास कचरू नये आणि कॅमेरा एकपायी स्टँडवर किंवा गाडीच्या खिडकीत पिशवी ठेवून टेकवावा. चित्रात थोडे दाणे आले तर सॉफ्टवेअरने कमी करता येतात, हललेला पक्षी मात्र स्थिर करता येत नाही.

पांढऱ्या आकाशापुढे बसलेला पक्षी काळा ठिपका होऊन येतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. अशा वेळी कॉम्पेन्सेशन १ ते १.७ पर्यंत वाढवावे. आकाश जळाले, म्हणजे निव्वळ पांढरे झाले, तरी त्यात पाहण्यासारखे काही नव्हतेच. याच्या उलट, गडद पाण्यापुढील पांढऱ्या बगळ्यासाठी ते ०.३ ते १ ने कमी करावे, नाहीतर पिसांचा पोत नाहीसा होतो. चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत, कारण ढगाळ प्रकाशातील निळसर छटा नंतर सुधारता येते.

मळभाचे गुणही सांगायला हवेत. सावल्या कठोर नसल्यामुळे काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचे तपशील एकाच चित्रात येतात आणि दुपारी बारालाही काम करता येते. केवळ शिंजीर हिरमुसला दिसतो, कारण त्याच्या पिसांची चमक थेट प्रकाशावर अवलंबून असते आणि ढगाखाली नर जवळजवळ काळा दिसतो.

चित्रात पाऊस दिसावा असे वाटते, पण दिसत नाही. काय चुकते?

पार्श्वभूमी. पावसाचे थेंब गर्द झाडी किंवा गडद पाण्यापुढे दिसतात, उजळ आकाशापुढे दिसत नाहीत. पक्षी आणि मागची झाडी यांच्यात अंतर असेल तर आणखी चांगले. १/१००० सेकंदाला थेंब मण्यांसारखे गोठतात, आणि १/६० ते १/१२५ ला त्यांच्या रेषा होतात. रेषा अधिक पावसाळी वाटतात, पण त्यासाठी पक्षी स्तब्ध हवा. वंचक बगळा या कामी आदर्श आहे, कारण स्तब्ध उभे राहणे हाच त्याचा व्यवसाय आहे.

भिजलेला पक्षी ओळखूच येत नाही. पुस्तकातील चित्राशी काहीच जुळत नाही.

ही अडचण अनुभवी लोकांनाही येते. ओली पिसे गडद दिसतात, बुलबुलाची शेंडी चपटी होते, शिक्रा निम्मा बारीक दिसतो, आणि थंडीने पिसे फुलवलेला दयाळ चेंडूसारखा गोल होतो. अशा वेळी रंग आणि जाडी यांवर विसंबू नये. चोचीचा आकार, पायांचा रंग, शेपटीची लांबी व हालचाल, बसण्याची जागा आणि आवाज या गोष्टी भिजत नाहीत. शेपटी सतत वर-खाली करणारा धोबी आणि शेपटी थरथरवणारा थिरथिरा कितीही ओले असले तरी आपली ओळख लपवू शकत नाहीत. एवढे करूनही खात्री होत नसेल तर पक्षी अंग झटकून कोरडा होईपर्यंत थांबावे, किंवा वहीत "अनोळखी" असे लिहून पुढे जावे.

कोणती दुर्बीण घ्यावी?

ओल्या हवेसाठी ८×४२, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असलेली. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो : ८×४२ चा ५.२५, १०×४२ चा ४.२ आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ चा सुमारे ३.१. ढगाळ सकाळी हा फरक लगेच जाणवतो. आत नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण आतून धुरकट होत नाही, म्हणून थोडे पैसे अधिक पडले तरी तीच घ्यावी. भिंगावर थेंब पडले तर आधी फुंकणीने उडवावेत आणि मगच मऊ कापडाने टिपावेत. शर्टाच्या टोकाने पुसल्यास धुळीचा कण भिंगावर कायमची रेघ काढतो.

माझा कॅमेरा जलरोधक नाही. तो पावसात कसा न्यावा?

कॅमेऱ्याला जलरोधक सील असले तरी लेन्सला नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. साधी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्सच्या तोंडाएवढे भोक, आणि लेन्सहूडवर (लेन्सच्या तोंडाशी बसणाऱ्या आडोशाच्या नळीवर) ताणून बसवलेले रबर, एवढ्यावर भुरभुर निभावते. लेन्सहूड कायम लावलेला ठेवावा, कारण समोरच्या भिंगावर येणारे तिरपे थेंब तो अडवतो. पावसात लेन्स बदलू नये. झूम लेन्स ओली असताना आत ओढू नये, नाहीतर नळीवरचे पाणी आत जाते.

दवबिंदू साठण्याचा त्रास पावसापेक्षा अधिक फसवा असतो. दाजीपूरला जाताना एकदा गाडीतील एसी चालू होता. फाटकाशी उतरून बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढताच भिंग दुधी काचेसारखे झाले, आणि समोरच्या उंबरावर बसलेली धनेशाची जोडी मी नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिलो. तेव्हापासून शेवटच्या अर्ध्या तासात एसी बंद ठेवून खिडक्या उघडतो. परततानाही, बाहेर गारठा आणि घरात ऊब असेल तर पिशवी बंदच ठेवून तासाभराने उघडावी.

कॅमेरा भिजलाच तर?

चालू करून पाहू नये. बॅटरी आणि कार्ड काढावे, बाहेरून टिपून घ्यावे, सर्व झडपा उघड्या ठेवाव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत) दोन दिवस ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तांदळाची पूड खाचांमध्ये शिरते आणि ओल फारशी शोषली जात नाही. केस वाळवण्याचे यंत्रही वापरू नये.

खरा शत्रू त्यानंतर येतो, तो म्हणजे बुरशी. कापडी पिशवीत ओलसर लेन्स ठेवून कपाटात बंद केली की कोल्हापूरच्या हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उगवतात. माझी एक लेन्स अशीच गेली. दुरुस्ती करणाऱ्याने ती साफ करून दिली खरी, पण भिंगाचा लेप कुरतडला गेला होता आणि उन्हासमोर धरल्यावर ती अजूनही धुरकट चित्रे देते. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असे पाहावे. स्वस्त आर्द्रतामापक मिळतात. रंग बदललेले जेल गरम करून पुन्हा वापरता येते, पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी संयुग असते, म्हणून ते स्वयंपाकाच्या तव्यावर कदापि गरम करू नये.

कपडे आणि पादत्राणे कोणती असावीत?

चुरचुर आवाज करणारा प्लॅस्टिकचा रेनकोट पक्ष्यांपर्यंत तुमच्या आधी पोहोचतो. मऊ कापडाचा, मातकट रंगाचा कोट घ्यावा. भातशेतीत वापरले जाणारे इरले आणि खांद्यावरचे घोंगडे या दोन्ही वस्तू आवाज न करता पाऊस अडवतात. घोंगडे पांघरून बांधावर बसलेल्या माणसाकडे टिटवीसुद्धा फारसे लक्ष देत नाही. नदीकाठच्या काळ्या मातीत गमबूट लागतात. कोल्हापुरी पायताण घरी ठेवावे, कातडे भिजले की ते गेलेच.

राधानगरी अभयारण्यात हिवाळ्यात जाता येते का?

जाता येते. पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असलेले प्रवेशद्वार त्यानंतर उघडते. मात्र अवकाळी पाऊस झाला की आतील कच्चे रस्ते निसरडे होतात आणि वाहनांना मनाई होऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी संरक्षित झाले. आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत समाविष्ट आहे. मलबारी राखी धनेश, कर्णा, शीळकरी कस्तुर यांच्यासाठी तेथे जावे. पाऊस उघडल्यावर फळांनी लगडलेल्या उंबरा-वडाखाली थांबणे हे सबंध दिवस चालण्यापेक्षा फलदायी ठरते.

धुक्यात गवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. वाटाड्याने थांबायला सांगितले की थांबावे. त्या वेळी "एकच फोटो" ही विनंती करू नये. परतीच्या वाटेवर, ऊस भरलेल्या आणि मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्यांपासूनही तितकेच सावध राहावे.

पक्ष्याच्या किती जवळ जावे? मोबाइलवर आवाज वाजवून बोलावले तर चालते का?

पक्षी खाणे थांबवून तुमच्याकडे पाहू लागला की तुम्ही जास्त जवळ गेलात, एवढे साधे माप आहे. ओल्या, थंड दिवशी त्याचे महत्त्व वाढते. ज्याची सकाळ पावसात गेली आहे त्याच्याकडे संध्याकाळपर्यंत पोट भरण्यासाठी मोजकेच तास उरलेले असतात. त्यातील अर्धा तास आपल्यापासून दूर उडण्यात गेला तर ते नुकसान रात्रीच्या थंडीत भरून निघत नाही. एका जागी बसून राहिल्यास पक्षी स्वतःच जवळ येतात, विशेषतः पावसानंतर, आणि चित्रही नैसर्गिक येते. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे मी अशा दिवशी तरी सर्वस्वी अयोग्य मानतो.

घारींसारखे काही पक्षी हिवाळ्यातच घरटी करतात. घरट्यातील पक्षी पावसात उठवला तर अंडी-पिल्ले गारठतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते, हेही माहीत असावे.

पावसानंतर दमलेला किंवा भिजून पडलेला पक्षी सापडला तर काय करावे?

तो नुसता भिजला असेल आणि मांजर-कुत्र्यांचा धोका नसेल तर दूर उभे राहून वाट पाहावी. बहुतेक पक्षी वाळल्यावर उडून जातात. उडता येत नसेल तर कापड टाकून अलगद उचलावा, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते, आणि दूध-भात भरवू नये. समुद्रात वादळ होऊन गेले असेल तर एखादा समुद्रपक्षीही वाऱ्याबरोबर आत फेकला गेलेला असू शकतो. त्याची माहिती वन विभागाला तातडीने द्यावी. राज्याच्या वन विभागाची मदतवाहिनी १९२६ ही आहे.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काही उपयोग?

दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला मोबाइल टेकवून ओळखीपुरते चित्र मिळते. त्यापेक्षा मोबाइलने परिसर टिपावा : ढग, तलाव, त्यात एक लहानसा पक्षी. शिवाय मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करता येतो, आणि धुक्यात डोळ्यांपेक्षा कान अधिक कामाचे असतात.

नोंदी कशा ठेवाव्यात?

तारीख, वेळ, ठिकाण, जाती आणि संख्या या नेहमीच्या नोंदींबरोबर हवा जरूर लिहावी : पाऊस केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, वारा होता का, पक्षी काय करीत होते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा परतीच्या पावसाच्या शेपटाला येत असल्यामुळे वही सुरू करायला सोयीचा आहे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा त्याच तलावांवर पुन्हा मोजणी करता येते. नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भराव्यात आणि पाऊस पडल्याने एकही पक्षी न दिसलेली फेरीसुद्धा भरावी. कागदाची वही वापरणाऱ्यांनी शाईचे पेन टाळून पेन्सिल घ्यावी. माझ्या डिसेंबरच्या एका पानावर आज "हळदी" एवढेच वाचता येते, त्यापुढचे कुंकू पावसात वाहून गेले आहे.